बेहड्याच्या नाल्याचा चढ

कुरखेड्याच्या बाजूला धान कापणी सुरू झाली, की सकाळच्या हवेचा वास बदलतो. कापलेल्या धसकटांचा गोडसर वास, बांधावर वाळत पडलेल्या गवताचा, कुठेतरी उकडलेल्या नव्या धानाचा. मी पंच्याऐंशी पार केली आहे, डोळ्यांवर भरवसा राहिलेला नाही, पण नाक अजून शाबूत आहे. यंदा त्या वासात एक परका वास मिसळला. तापलेल्या रबराचा. माझा नातू निखिल नागपूरहून गाडी घेऊन आला होता आणि अंगणात येण्याआधी गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्याने ती दोनदा पळवून पाहिली होती.

गाडी साधीच, चार माणसांची. पण निखिलने तिच्या पोटात बरेच उद्योग केलेत. चहा पिता पिता तो म्हणाला, "आजोबा, मोठा टर्बो बसवला. वेग वाढल्यावर काय पळते, विचारू नका. पण कमी वेगात मजा गेली. दाबलं की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम धक्का बसतो."

टर्बो म्हणजे काय ते मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारं एक चक्र असतं, ते इंजिनात जादा हवा कोंबतं. चक्र लहान असलं तर चटकन फिरतं, पण वेग वाढला की त्याचा दम संपतो. मोठं असलं तर दम भरपूर, पण फिरायला लागायलाच वेळ घेतं. "दोन्हीच्या मधलं काहीतरी शोधून राह्यलो," निखिल म्हणाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून द्वारकेचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला, "त्याले फुंकणीचं सांगा." साठ-पासष्ट वर्षं झाली, पण ही बाई मला ती फुंकणी विसरू देत नाही.

मी त्याला फुंकणीचं सांगितलं. पण सांगता सांगता जे आठवत गेलं, ते सगळं त्याला सांगितलं नाही. ते इथे लिहितो आहे.

तेव्हा पावसाळाभर आमचा रस्ता मरून पडलेला असायचा. वडसा स्टेशन ते कुरखेडा हा मातीचा रस्ता, मध्ये जंगल, मध्ये नाले. आषाढ लागला की मोटार बंद. मोटारीचे मालक नारायणशेठ, त्यांच्या कोठारात ती लाकडी ओंडक्यांवर उभी राहायची, चाकं काढून भिंतीला टेकवलेली. चार महिने तिच्यात कोंबड्या नांदायच्या. दिवाळी झाली, नाल्यांचं पाणी घोट्याखाली आलं, की गावोगावची माणसं येऊन वाळूवर फांद्या टाकायची, फांद्यांवर बांबूचे तट्टे अंथरायची, त्यावर माती. याला आम्ही 'रस्ता उघडला' म्हणायचो. पहिल्या दिवशी चाकाखाली नारळ फोडायचा, टपाला झेंडूची माळ घालायची आणि सीटखालची अंडी गोळा करून द्वारकेकडे पोचवायची. सणवार पुष्कळ पाहिले, पण रस्ता उघडण्याच्या दिवसासारखा सण मी पाहिला नाही.

मी त्या मोटारीचा ड्रायव्हर होतो. वय चोवीस, मिशा नव्या, आणि अक्कल किती होती ते पुढे कळेलच. मोटार म्हणजे महायुद्धानंतर फौजेने विकलेला जुना ट्रक. त्याच्यावर चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, सुताराने लाकडी सांगाडा चढवलेला. आत बाकडी, टपावर धानाची पोती, वाळलेल्या मासळीच्या टोपल्या, पाय बांधलेले कोंबडे, एखादी सायकल. वडशाला छोटी गाडी यायची, आगगाडीचीच धाकटी बहीण म्हणा, तिची वेळ गाठायची हे आमचं काम. पेट्रोल, मासळी, नवा तांदूळ आणि बायकांच्या डोक्यातलं तेल असा एक वास त्या मोटारीला होता. एखाद्या लग्नात म्हाताऱ्या बायका जवळून गेल्या की मला आजही वाटतं, मागे मोटार उभी आहे.

अर्ध्या वाटेवर बेहड्याचा नाला. उतरताना सोपा, चढताना खडा, आणि चढाच्या मधोमध एक वळण. तिथे मोटार अडायची, पुन्हा दम देऊन काढावी लागायची. म्हणून चढ आला की लोक न सांगता खाली उतरायचे. ही रीत कोणी घालून दिली नव्हती, पण ती मोडायचं कोणाच्या मनात यायचं नाही. म्हातारी माणसं, आजारी आणि नवी नवरी तेवढी बसून राहायची. बाकीचे लोक गप्पा मारत पायी वर जायचे, बाया पोरांना कडेवर घेऊन, पुरुष बिड्या पेटवून. वर बेहड्याच्या झाडाखाली सगळे थांबायचे आणि जवळपास रिकामी मोटार कुंथत वर येताना पाहायचे. कोणी तिला टोमणे मारायचे, कोणी हात जोडायचे.

मोटारीच्या मागे मात्र एक माणूस नेहमी असायचा. लटारूभाऊ. जातीचा धीवर, वय चाळीसच्या पुढे, अंगाने वाळकुडा, मनगटं मात्र दोरखंडासारखी. पावसाळ्यात सती नदीवर त्याचा डोंगा चालायचा. मोटार बंद असली की या काठचा माणूस त्या काठाला त्याच्याच हातांनी पोचायचा. रस्ता उघडला की डोंग्याचं काम कमी व्हायचं, मग शेठ त्याला मोटारीवर घ्यायचे. त्याचं काम एकच. बीजा झाडाच्या लाकडाचा जड ठोकळा घेऊन मागच्या चाकाजवळून चालायचं. मोटार अडली की ठोकळा चाकामागे सारायचा, म्हणजे ती मागे घसरत नाही. मोटार पुढे निघाली की ठोकळा ओढून घ्यायचा आणि पुन्हा तयार राहायचं.

हे तो कानाने करायचा. चाकाजवळ वाकलेल्या माणसाला ड्रायव्हर दिसत नाही. इंजिनाचा आवाज चढला की निघाली असं धरायचं आणि ठोकळा ओढायचा. माझा पाय आणि त्याचा हात यांच्यात सात-आठ हातांचं अंतर होतं, पण दोन वर्षांत एकदाही चुकामूक झाली नाही. मी त्याला कधी हाक दिली नाही, त्याने मला कधी विचारलं नाही. बैलांच्या जोडीत एकाने मान हलवली की दुसऱ्याला कळतं, तसं ते होतं.

मग त्या वर्षी आमच्या रस्त्यावर निळी मोटार आली.

दुसऱ्या कुणा शेठची होती, नवीन रंगाची, भोंगा खणखणीत. ती आम्हाला सपाटीवर मागे टाकायची आणि आधी वडशाला पोचायची. लोक आमच्या मोटारीत बसून तिच्याकडे पाहायचे. मला ते सहन होईना. खरं सांगतो, शेठना जितकं लागलं नसेल तितकं मला लागलं. मी नागपूरला जाऊन फौजेच्या भंगारातून एका मोठ्या लॉरीचा कार्बोरेटर घेऊन आलो. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक. त्यातून हवा आत जाते आणि जाता जाता पेट्रोल ओढून नेते. आमच्या मोटारीचं नाक लहान होतं, मी तिला मोठं नाक बसवलं. दोन दिवस खपून, पट्ट्या ठोकून, बूड घासून.

आणि काय सांगू, सपाटीवर ती मोटार पाखरू झाली. सकाळचं कोवळं ऊन, दोन्ही बाजूंना कापणीला आलेले धान, आणि मधून आमची लाकडी पेटी खडखडत धावते आहे. पहिल्याच आठवड्यात निळी मोटार मागे पडली. तिचा भोंगा मागून ऐकायला येण्यात जे सुख होतं, ते मी आज नाकारणार नाही. कापणाऱ्या बाया विळा थांबवून बघायच्या. मी हात बाहेर काढून मिशीवर फिरवायचो. द्वारका म्हणते, तो हात अजून खाली आलेला नाही.

पण खालच्या वेगात ती आता बिघडली होती. पाय दाबला की मोठ्या नाकातून 'हुश्श' असा घोगरा आवाज लगेच यायचा, इंजिन मात्र एक ठसका द्यायचं, विचारात पडायचं आणि मग उसळायचं. सपाटीवर त्याचं काही वाटत नव्हतं. बेहड्याच्या वळणावर मात्र त्या विचारात मोटार वीतभर मागे यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी लटारूभाऊ ठोकळा खांद्यावर घेऊन माझ्या दाराशी आला.

"वसंता, तुया मोटारीचा आवाज आधी येते, मोटार मागून येते."

"नवीन सामान हाय, भाऊ. बसंल हळूहळू."

"पटावर कधी पायलं का तू?" तो म्हणाला. पट म्हणजे शंकरपट, आमच्याकडची बैलांची शर्यत. "झेंडी पडली का जोडी सुटली पायजे. तुयी मोटार झेंडी पडल्यावर विचार करते."

मी हसून सोडून दिलं. घरी येऊन द्वारकेला गंमत म्हणून सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने हातातली फुंकणी माझ्यापुढे धरली, बोटभर भोकाची, बांबूची. "यातून फुकलं तं विस्तू लगेच पेटते. त्या कोपऱ्यातल्या जाड बांबूतून फुकून पाहा." मी फुंकून पाहिलं. सगळी फूक वाटेतच विरून गेली, राखसुद्धा हलली नाही. "तोंड मोठं केलं तं जोरात फुकणाराले बरं," ती म्हणाली. "हळू फुकणाराची फूक कुठी जाते?"

अख्ख्या जिल्ह्यात कोणी मिस्त्रीने मला इतकं स्वच्छ समजावलं नसतं. मला समजलंही. आणि समजूनही मी काही केलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी निळी मोटार पुन्हा मागे पडणार होती.

पौषात पट भरला. त्या दिवसाची हवा मला आजही अंगावर जाणवते. थंडी, तरी कोवळ्या उन्हाने पाठ शेकते. मोटारीत पाय ठेवायला जागा नाही. धुतलेली धोतरं, कडक इस्त्रीच्या टोप्या, बायांच्या केसांत गोंडे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, कोणाची जोडी यंदा पट मारते. बेहड्याचा नाला आला. लोक रीतीप्रमाणे उठायला लागले. तेवढ्यात मागून निळ्या मोटारीचा भोंगा ऐकू आला.

"बसा," मी म्हणालो. "कोणी उतरू नका. आता ही मोटार उतरवणारी नाई राह्यली."

लोक खुश झाले. कोणीतरी म्हणालं, "ही तं पटाची जोडी हाय बाप्पा." आणि मलाही ते खरं वाटलं. पुढे मी यावर फार विचार केला. पटाची जोडी रिकाम्या छकड्याला धावते, सपाट पट्ट्यावर. तिला धानाच्या गाडीला जुंपून कोणी चढावर घालत नाही. इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मोटारीत त्या दिवशी तीस-पस्तीस शेतकरी बसले होते, मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. पटाच्या दिवशी आम्हाला पटाखेरीज काही दिसत नव्हतं.

लटारूभाऊ मात्र उतरला. ठोकळा घेऊन मागे गेला.

वळणावर मोटार अडली. त्याने ठोकळा सारला. मी पाय पुरता दाबला. घोगरा आवाज उठला. दोन वर्षांच्या सवयीने त्याच्या हाताने ठोकळा ओढला. इंजिन ठसकलं, विचारात पडलं, आणि भरलेली मोटार मागे आली. त्याने ठोकळा पुन्हा आत लोटला, पण हात बाहेर काढायला वेळ मिळाला नाही. मग इंजिन उसळलं आणि मोटार पुढे गेली. मी वर जाऊन थांबलो. लोक टाळ्या वाजवत होते. मीही मागे वळून पाहिलं ते कौतुकानेच.

तो चढावर बसला होता, उजवा हात धोतरात गुंडाळून. ओरडला नव्हता. मी धावत गेलो तर म्हणाला, "चूक माही बी हाय. मी आवाजावर गेलो."

पट राहिला बाजूला. त्याच मोटारीतून त्याला वडशाच्या दवाखान्यात नेलं. सपाटीवर ती तशीच पाखरासारखी धावत होती आणि मला तिचा राग येत होता. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, बाकीच्या तीन बोटांत जोर राहील की नाही ते सांगता येत नाही. लटारूभाऊने एवढंच विचारलं, "आषाढात वल्हं धरता येईन का?"

त्यानंतर तो मोटारीवर आला नाही. रुसला असता तर बरं झालं असतं, मी पाय धरले असते. वाटेत भेटला की नीट बोलायचा, पाऊसपाण्याचं, मासळीचं. हाताचं नाही आणि मोटारीचं नाही. मी शेठना सांगितलं, आता मागे मी चालणार. शेठ सोबत यायचे आणि चढापुरतं स्टेअरिंग हातात घ्यायचे. पहिल्या दिवशी मागच्या चाकामागे वाकलो, आणि तेव्हा मला माझी मोटार पहिल्यांदा दिसली. समोर कमरेइतकं चाक, वरून लोकांची गडबड, आवाज येतो आणि चाक पुढे जाण्याऐवजी आधी आपल्या दिशेने येतं. किती येतं? वीतभर. पुढे बसलेल्या माणसाला तो हिसकासुद्धा जाणवत नाही. मी ठोकळा टाकून बाजूला उडी मारली. लोक हसले. मला हसू आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी ठोकळ्याला लांब बांबूचा दांडा बसवला. अर्ध्या तासाचं काम. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग कार्बोरेटरच्या मागे लागलो. जुना लहान पुन्हा बसवावा तर शेठ राजी होईनात, निळी मोटार होतीच. मी कासाराकडून पितळेचं एक कडं ओतून घेतलं आणि मोठ्या नाकाच्या आत बसवलं, म्हणजे वाट अरुंद झाली. पहिल्या दिवशी मोटार चढावर पायाबरोबर निघाली, पण सपाटीवर धापा टाकू लागली. कडं काढलं, कानशीने थोडं घासलं, पुन्हा बसवलं. सपाटीवर बरी, चढावर चांगली. आणखी थोडं घासलं. सपाटीवर छान, चढावर पुन्हा तो विचार. म्हणजे जास्त घासलं गेलं. नवीन कडं. माघ-फाल्गुन माझा यातच गेला. पळसाला फुलं आली, मोहाखाली पहाटे बाया वेचायला बसू लागल्या, आणि मी बोनेटात डोकं घालून पितळ घासत होतो. नखांत पितळेची पूड, भाकरीलाही पितळेची चव.

शेवटी एक कडं जमलं. निळ्या मोटारीला आम्ही कधी गाठायचो, कधी नाही. पूर्वीचं पाखरू गेलं ते गेलंच. पण पाय आणि चाक यांच्यात फट उरली नाही. निखिलला मी हेच म्हणालो, की दोन्ही टोकं कोणालाच मिळत नाहीत. किती सोडायचं ते ठरवताना चाकाच्या मागे कोण उभं आहे ते बघ. तो म्हणाला, "आजोबा, माझ्या गाडीमागे कोणी नसतं." असेलही. मी वाद घातला नाही.

आषाढ लागला. रस्ता बुडाला, मोटार कोठारात गेली, कोंबड्या परत आल्या. सती नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. कोणी म्हणे लटारूभाऊ डोंगा काढून राह्यला, कोणी म्हणे त्याची बायको वल्हं मारते. मला पलीकडे जायचं काही काम नव्हतं. तरी एका सकाळी सासुरवाडीचं निमित्त काढून मी काठावर गेलो.

डोंगा तोच वल्हवत होता. तीन बोटांनी वल्हं धरलेलं, मनगटाला आणि दांड्याला मिळून चिंधीचा एक फास घातलेला. पूर्वीइतका सरळ जात नव्हता, थोडा खाली वाहून मग वर यायचा. मी एकटाच बसलो. बोलायचं ते सगळं मी आठ दिवसांपासून मनात जुळवून ठेवलं होतं. मध्यधारेजवळ आलो आणि त्यातलं एकही अक्षर बाहेर येईना. मी त्या हाताकडे बघत होतो आणि बघणं थांबवता येत नव्हतं.

"धर," लटारूभाऊ म्हणाला. चिंधी सोडवून त्याने वल्हं माझ्या हातात दिलं आणि कमरेची तंबाखूची डबी काढली.

मी दोन्ही हातांनी वल्हं मारलं. डोंगा तिरका झाला. पुन्हा मारलं, भलतीकडे वळला.

"घाई नको करू. धार पाहा, मंग मार."

डाव्या तळव्यावर त्याने तंबाखू घेतली, चुना लावला आणि उजव्या अंगठ्याने मळू लागला. उरलेल्या बोटांनी तळवा धरता येत नव्हता, त्यामुळे हात सारखा निसटायचा. तो पुन्हा पुन्हा लावायचा. मी धारेशी झटत होतो. कितीतरी वेळ ते चाललं. मग त्याने तंबाखूचे दोन भाग केले. एक स्वतःच्या तोंडात टाकला. माझे दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले पाहून तो पुढे सरकला आणि दुसरी चिमूट त्या उजव्या हाताने माझ्या ओठाखाली ठेवली.

"दिवाळीनंतर मीच येतो मागं," तो म्हणाला. "तुले नाई जमत थे. उड्या मारते म्हणे तू."

मी मान हलवली. तोंडात तंबाखू होती, म्हणून बोलता आलं नाही, असं मी अजून लोकांना सांगतो.